आठव्या पिनेची वायर

"पण छापतोय ना, आप्पा? मग माझ्या केबलमध्ये चूक कुठे आहे?"

आप्पांनी केबल हातात घेतली, तळहातावर तोलली आणि टेबलावर ठेवून दिली.

"आधी बसा दोघं. जोडीनं आलाय. पाया पडायला आलाय की भांडायला?"

"पाया पडून झालं की."

"तू पडलास. ही अजून वाकतीच आहे, तोवर तू पिशवीतनं केबल काढलीस."

खरं होतं. मी अर्धी वाकलेली होते.

लग्नाला पंधरा दिवस झाले होते. नवं जोडपं वडीलधाऱ्यांच्या पाया पडत घरोघर फिरतं, तसे आम्ही फिरत होतो. मामा झाले, दोन आत्या झाल्या, एक निवृत्त तलाठी झाले. त्या रविवारी दुपारी मिरजेत आप्पा मगदूमांकडे आलो होतो.

आप्पा आमच्या नात्यातले नव्हते. ते अभिनंदनचे गुरू. (सासरी मी नवऱ्याचं नाव घेत नाही. कागदावर घेते.)

आप्पा तार ऑफिसात टेलिप्रिंटर दुरुस्त करायचे. पुढे टेलिप्रिंटर गेले. मग आप्पांनी घराच्या पुढच्या खोलीत केबल बनवायला सुरुवात केली. कॉम्प्युटरपासून वजनकाट्यापर्यंत, कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंत. कोणत्याही दोन यंत्रांचं एकमेकांशी जमत नसलं की लोक ती आप्पांकडे आणायचे.

डिप्लोमाची तीन वर्षं अभिनंदन रोज संध्याकाळी इथे येऊन बसत असे. आता तो सांगली-मिरजेतल्या सहा-सात लॅबची यंत्रं सांभाळत होता. त्यांतल्याच एका लॅबचा लेबल छापायचा प्रिंटर आम्ही मोटरसायकलवरून आणला होता. तो आमच्या दोघांच्या मधे बसून आला.

"दुखणं सांग," आप्पा म्हणाले.

"प्रत्येक पेशंटच्या रक्ताच्या नळीला एक लेबल लागतं. नाव आणि नंबर. एरवी सगळं नीट छापतं. गर्दीच्या सकाळी मात्र मधलीच काही लेबलं येत नाहीत. मागच्या आठवड्यात दोघींच्या नळ्या अदलाबदल होता होता राहिल्या."

"मग?"

"कॉम्प्युटर म्हणतो, मी सगळी पाठवली. प्रिंटरकडे बघावं तर तो आपला शांत. मधे केबल. आणि केबल मी केलेली."

"म्हणजे ती बरोबरच असणार."

अभिनंदन हसला नाही. त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

आप्पा आत गेले. बऱ्याच वेळाने एक नारळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खणाचं कापड घेऊन आले. ते माझ्यासमोर ठेवलं आणि अवघडून उभे राहिले.

"आक्का असती तर तिनं ओटी भरली असती. मला भरता येत नाही. तुझं तूच घे."

आक्का म्हणजे त्यांची बायको, आता नसलेली. मी घेतलं. पदर पसरून, माझं मीच.

खोली रस्त्याकडेची होती, दहा बाय बाराची. भिंतींवर नुसते खिळे. एक सोडून प्रत्येक खिळ्याला केबलचं वेटोळं आणि प्रत्येक वेटोळ्याला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. 'गूळ अडत, मोठा काटा.' 'दूध डेअरी, फॅटचं मशीन.' 'बेदाणा, कोल्ड स्टोरेज.' 'छापखाना, जुना.'

"ही सगळी यंत्रं आता कुठे असतात?" मी विचारलं. त्या खोलीतलं ते माझं पहिलं वाक्य.

"भंगारात."

"मग केबल?"

"त्या चांगल्या आहेत की."

तेवढ्यात आप्पांनी सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. राळ तापली आणि तिचा तो गोडसर, कडवट धूर खोलीत पसरला. अभिनंदनने डोळे मिटून खोल श्वास घेतला. पंधरा दिवसांत मी त्याला असा श्वास घेताना पाहिलं नव्हतं.

"हा डाग बघितलास?" त्याने टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. "माझा. पहिल्याच दिवशी तापलेलं आयर्न लाकडावर ठेवलं."

"आणि पळून गेला," आप्पा म्हणाले. "दोन दिवस आला नाही. आक्का म्हणाली, पोरगं घाबरलंय, जाऊन घेऊन या."

"तुम्ही कुठे आलात? आक्काच आल्या होत्या. डब्यातून करंज्या घेऊन."

"मी कशाला येऊ? टेबल माझं जळलं होतं."

दोघं हसले. मग भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याकडे दोघांचीही नजर गेली. तिथे आक्कांचं काहीतरी असायचं, एवढं मला कळलं; काय ते मी विचारलं नाही.

त्या गोष्टीला आता काही महिने झाले. आप्पा मुलीकडे निपाणीला राहायला गेले. त्या खोलीत मोबाइलची कव्हरं मिळतात, असं ऐकलं. इतके खिळे त्या दुकानवाल्यांना आयतेच मिळाले.

पण त्या रविवारी खिळे भरलेले होते, राळेचा वास होता आणि अभिनंदनच्या खिशात एक फोन होता. त्यात सहा वाजेपर्यंत पाठवायचं एक उत्तर होतं.

"आप्पा, एक सांगायचं राहिलं. मस्कतला नोकरी लागली."

"अरे वा!"

"मोठं गोदाम आहे. सगळी लेबलिंगची यंत्रं माझ्याकडे. आज सहापर्यंत होकार कळवायचा. म्हटलं, तुमचा हात पाठीवर पडला की पाठवतो."

आप्पांनी हात उचलला. मग तो तसाच धरून विचारलं, "एकटाच?"

"छे. दोघांचेही फॉर्म भरून ठेवलेत. महिन्याभरात दोघं हजर झालो तर फॅमिली क्वार्टर मिळते. एकटा गेलो तर वर्षभर एका खोलीत सहा जणांबरोबर."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय करतेस, बाळ?"

"फार्मसी. शेवटचं वर्ष."

"ते तिथून बघू काहीतरी," अभिनंदन म्हणाला.

फार्मसीचं शेवटचं वर्ष तिथून बघण्यासारखं नसतं. प्रात्यक्षिकं असतात, हजेरी लागते. महिन्याभरात मस्कत म्हणजे ते वर्ष गेलं, आणि एकदा गेलेलं पुन्हा हाती लागेल याची खात्री कोणीच देत नव्हतं. हे सगळं माझ्या मनात होतं. मनातच होतं.

"पोरीला विचारलंस?"

"विचारलं की."

"काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार, आप्पा? चालेल तिला."

मी तिथेच बसले होते. नारळ मांडीवर घेऊन.

त्याने विचारलं होतं, हे खरं. आठ दिवसांपूर्वी कपाट लावताना. "मस्कत चालेल ना तुला? चालेलच म्हणा. कोणाला नाही चालणार?" एका श्वासात. माझ्या हातातल्या साडीची घडीही तोवर पुरी झाली नव्हती.

मी कमी बोलते. लग्न जमवताना हे माझ्या गुणांत धरलं गेलं होतं.

आप्पांनी उचललेला हात खाली घेतला.

"आधी केबल बघू," ते म्हणाले.

त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, पाठीमागे नऊ पिनांचं तोंड असलेला. तसलं तोंड आता नव्या यंत्रांना नसतं. त्यांनी अभिनंदनच्या केबलचं एक टोक कॉम्प्युटरला लावलं, दुसरं प्रिंटरला.

"काय छापू?" अभिनंदनने विचारलं. मग स्वतःच पडद्यावर पाहून थबकला. "अजून आहे ही यादी?"

यादी शंभर नावांची होती. आप्पांच्या काळात मिरजेहून जिथे जिथे तारा जायच्या, त्या गावांची. केबल तपासायची म्हणजे ही शंभर गावं छापायची, अशी त्या खोलीतली रीत.

"मिरज, सांगली, बुधगाव, तासगाव, विटा..." अभिनंदन न बघता म्हणू लागला. "मला अजून पाठ आहे, आप्पा."

"पाठ असून काय उपयोग? छापून आलं पाहिजे."

लेबलं निघू लागली. नखाएवढी अक्षरं, एकेक गाव. मिरज. सांगली. बुधगाव. अभिनंदनने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. झालं की नाही?

दहावं लेबल बाहेर आलं आणि आप्पांनी शांतपणे प्रिंटरचं झाकण उघडलं.

प्रिंटर थांबला. आ वासून.

पडद्यावरचा आकडा मात्र थांबला नाही. अकरा. वीस. चाळीस. सत्तर.

"आप्पा, झाकण..."

आप्पा पडद्याकडे बघत राहिले.

शंभर. खाली ओळ आली, सर्व लेबले पाठवली.

"झालं काम," आप्पा म्हणाले. "शंभरच्या शंभर पाठवली. घे लॅबला घेऊन."

त्यांनी झाकण लावलं. प्रिंटर पुन्हा घरघरला. पोटात जेवढं साठलं होतं तेवढं त्याने छापलं. आधीची दहा धरून बावन्न लेबलं पुरी आली. त्रेपन्नावं अर्धं. नुसतं 'राजा'.

"राजापूर," अभिनंदन पुटपुटला.

"आणि पुढची? देवगड कुठे आहे? मालवण? वेंगुर्ला?"

अभिनंदनने कोरा कागद दोनदा पुढे सरकवून पाहिला.

"तुम्ही मधेच झाकण उघडलंत. म्हणून झालं. असं कोण करतं?"

"लॅबमधली पोरगी रोल संपल्यावर काय करते?"

"रोल बदलते."

"कसा?"

अभिनंदनने झाकणाकडे पाहिलं. रोल बदलायचा तर झाकण उघडावंच लागतं. हे त्या खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. तिसरी मी, आणि मी तर प्रिंटर पहिल्यांदाच बघत होते.

आप्पांनी केबलचं कॉम्प्युटरकडचं टोक सोडवलं. दोन बारके स्क्रू काढले, टोपण उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

मग ते टोक त्यांनी अभिनंदनसमोर धरलं.

"हे काय आहे?"

आत सातव्या आणि आठव्या पिनेमध्ये अर्ध्या बोटाएवढी एक वायर होती. सातातून निघून आठात गेलेली. टोकाच्या बाहेर न पडलेली.

अभिनंदनचा चेहरा उजळला. इथे त्याला बोलायचं होतं.

"ती युक्ती आहे, आप्पा. कॉम्प्युटर सातव्या पिनेवरून विचारतो, पाठवू का? उत्तर आठव्या पिनेवर यायला हवं. प्रिंटरकडून यायला वेळ लागायचा. कधी यायचंच नाही. मग हा बसायचा वाट बघत, लॅबवाले मला फोन करायचे. शेवटी मी त्याच्याच टोकाला सात-आठ जोडून टाकले. आता स्वतःच विचारतो आणि स्वतःच हो म्हणतो. पुढे वायर न्यायलाच नको. काम सुरू!"

तो थांबला.

राळेचा धूर सरळ वर जात होता. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मीही कोणाकडे बघत नव्हते. नारळाच्या शेंडीतला एक केस मी ओढत होते.

"चांगली युक्ती आहे," आप्पा म्हणाले. "कुणी शिकवली?"

"माझीच."

"मी शिकवली नाही, एवढं नक्की. प्रिंटर उत्तर देत नव्हता म्हणतोस. कान लावून बघितलंस?"

"म्हणजे?"

"मीटर लावलास का त्याच्या टोकाला?"

अभिनंदन चुळबुळला. "घाई होती, आप्पा. लॅब सोमवारी सुरू करायची होती."

आप्पांनी प्रिंटरकडचं टोक उघडलं. त्यात वायरी होत्या तीनच. प्रिंटरचं उत्तर कॉम्प्युटरच्या आठव्या पिनेपर्यंत न्यायला वायरच नव्हती.

"तो बोलत असेल रे," आप्पा म्हणाले. "तू वायर कुठे ठेवलीस त्याला?"

अभिनंदनने दोन्ही उघडी टोकं हातात घेतली. एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. त्याच्या कानाची पाळी लाल झाली. पंधरा दिवसांत मला एवढं कळलं होतं, त्याला राग आला की कपाळ लाल होतं. कान म्हणजे दुसरं काहीतरी.

आप्पांनी आयर्न त्याच्या हातात दिलं.

"बस."

"मी करू?"

"केबल कोणाची आहे?"

तो जुन्या स्टुलावर बसला. गुडघे टेबलाला लागत होते. तीन वर्षं तो याच स्टुलावर बसला होता, तेव्हा लागत नसावेत. त्याने ती अर्ध्या बोटाची वायर तापवून काढली, चिमट्यात धरली, कुठे ठेवावी कळेना म्हणून खिशात टाकली. मग आणखी तारा असलेली एक लांब केबल मोजून कापली. पट्टीने नाही, हाताने. कोपरापासून बोटांपर्यंत, तीनदा.

"अजून तसंच मोजतोस," आप्पा म्हणाले.

"तुमच्यासारखंच."

"माझा हात आखूड आहे. तुझ्या केबल नेहमी वीतभर जास्त."

"वाया जात नाही ती वीत. कॉम्प्युटर लांब ठेवता येतो."

"आक्का हेच म्हणायची."

मी नारळ बाजूला ठेवून चहा केला. आप्पांच्या स्वयंपाकघरात सगळं हाताशी होतं, फक्त डबे उंचावर. आक्का उंच असाव्यात. भांड्यांवर 'कमल' हे त्यांचं नाव घातलेलं होतं, ठिपक्या-ठिपक्यांचं. मी बाहेर येऊन चहा दिला, नारळ पुन्हा मांडीवर घेतला, तेव्हा अभिनंदन एकेक वायर ओढून बघत होता. सुटते का. आप्पा ओरडत नव्हते, हेच त्याला जड जात असावं.

"लाव," आप्पा म्हणाले.

पुन्हा मिरज. सांगली. बुधगाव.

दहावं लेबल आलं आणि आप्पांनी झाकण उघडलं.

पडद्यावरचा आकडा धावला. वीस. तीस. पन्नास. त्रेपन्न...

आणि उभा राहिला.

अभिनंदन पुढे वाकला. "अडकलं."

"हात लावू नकोस."

"पण आप्पा, हलत नाहीये."

"नाही हलत."

आप्पांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. एक घोट घेतला. पडद्यावर त्रेपन्न तसाच. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. आप्पांनी दुसरा घोट घेतला. अभिनंदनचा हात दोनदा माऊसकडे गेला आणि दोनदा मागे आला.

"तार ऑफिसात बेळगावची लाइन अशीच होती," आप्पा म्हणाले. "तिकडचा माणूस, कुलकर्णी म्हणून, कागद भरायला उठला की इकडे सगळं ठप्प. नवी पोरं वैतागायची. दणादण मारत सुटायची. तिकडे कागदच नाही, अन् ही मारतायत. एकाच्या बापाच्या आजारपणाची तार अशी हवेत गेली."

"तुम्ही काय करायचात?"

"मी? मी तेवढ्यात डबा खायचो."

अभिनंदनला हसू आलं. केबल उघडल्यापासूनचं पहिलं.

आप्पांनी झाकण लावलं.

प्रिंटर घरघरला. गावं निघू लागली. थोड्याच वेळात आकडाही हलला. चोपन्न, पंचावन्न. राजापूर आलं, पुरं. देवगड आलं. मालवण आलं. वेंगुर्ला आलं, तेव्हा आप्पांनी ते लेबल अलगद सोलून बोटावर घेतलं आणि काही न बोलता टेबलाच्या कडेला चिकटवलं. आक्का वेंगुर्ल्याच्या, हे मला नंतर कळलं.

शंभरावं लेबल आलं. अभिनंदनने सगळी मोजली. मग पुन्हा मोजली.

"पुरी आहेत, आप्पा."

"हं."

"उद्याच लॅबमध्ये बसवतो. बाकीच्या लॅबमध्येही मी तीच युक्ती... त्याही बदलतो सगळ्या."

"हं."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसहा झाले होते. अभिनंदनने खिशातून फोन काढला. फोनबरोबर ती अर्ध्या बोटाची वायर बाहेर आली आणि जमिनीवर पडली. कोणी उचलली नाही.

फोनच्या पडद्यावर उत्तर लिहून तयार होतं. खाली दोन फॉर्म जोडलेले. एकावर माझं नाव. माझा फोटो, लग्नातला, डोळे अर्धे मिटलेले.

त्याने अंगठा उचलला.

अंगठा तसाच राहिला.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पंधरा दिवसांत त्याने मला पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते दाखवायला नेलेल्या वस्तूसारखं, कौतुकाने. हे तसं नव्हतं.

"त्रिशला... मस्कतचं. तुला काय वाटतं?"

'चालेलच म्हणा' हे पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. त्याने ते गिळलं.

मी तोंड उघडलं.

पण इतक्या दिवसांचं सगळं एकदम दाराशी आलं होतं. शेवटच्या वर्षाचं कोरं जर्नल होतं. प्रयोगशाळेतली माझी ओट्यावरची जागा, खिडकीशेजारची. सहा जणांच्या खोलीत झोपलेला हा. मोटरसायकलवर मधे प्रिंटर नसता तर मी धरली असती ती त्याची पाठ. यांतलं आधी कुठलं बाहेर काढावं ते मला कळेना. मी तोंड मिटलं.

अभिनंदन थांबला.

घड्याळाचा काटा सरकला. दहा मिनिटं उरली. मग नऊ. त्याने फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला.

मी नारळ मांडीवरून खाली ठेवला.

त्याने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग आप्पांकडे वळून अगदी हळू आवाजात, शाळेतल्या पोराने विचारावं तसं विचारलं,

"आप्पा... किती वेळ थांबायचं?"

आप्पा उरलेला चहा बशीत ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ही प्रिंटर असती तर सांगितलं असतं."